पार्सल पोहोचवताना अपघात झाला, तर भरपाई कुणी द्यायची?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 'गिग कामगारांनाही सामाजिक सुरक्षा' असे मथळे सगळीकडे झळकले. भिवंडीच्या गोदामातून पार्सलांनी भरलेला टेम्पो घेऊन निघणाऱ्या ड्रायव्हरला किंवा पाठीवर बॅग लावून दुचाकीवर फिरणाऱ्या मुलाला त्या मथळ्यांतून फारसं काही कळत नाही. त्याचा प्रश्न साधा आहे. आज पाय मोडला तर दवाखान्याचं बिल कोण भरणार, आणि तीन महिने घरी बसलो तर किराणा कुठून आणायचा?

याचं उत्तर आहे. पण टेम्पोच्या पगारी ड्रायव्हरचं उत्तर वेगळं, ॲपवरच्या 'पार्टनर'चं, म्हणजे मथळ्यांतल्या गिग कामगाराचं, वेगळं. दोघांची गल्लत झाली की हक्काचे पैसे हातचे जातात.

मुळात नियम काय आहे?

कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ सालचा. आता तो त्या चारपैकी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये विलीन झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या अपघातांना जुना कायदा लागतो, नंतरच्यांना संहितेचं सातवं प्रकरण. भरपाईचं सूत्र आणि टक्केवाऱ्या जवळपास त्याच राहिल्या आहेत.

नियमाचा गाभा असा: कामामुळे आणि कामाच्या ओघात अपघात होऊन इजा झाली, तर भरपाई मालकाने द्यायची. मोटार वाहनावर ड्रायव्हर, हेल्पर, मेकॅनिक किंवा क्लीनर म्हणून ठेवलेल्या माणसांचा उल्लेख कायद्यात नाव घेऊन केलेला आहे. 'ड्रायव्हर कामगारांत मोडत नाही' असं कुणी म्हणालं तर ते धादांत खोटं आहे.

अपघात म्हणजे फक्त गाडीची धडक नव्हे. सोसायटीच्या ओल्या जिन्यावरून पाय घसरणं, दारात कुत्रा चावणं, हबवर, म्हणजे पार्सलच्या गोदामात, लोडिंग करताना खोका पायावर पडणं, वॉशिंग मशिन उचलताना कमरेत उसण भरून माणूस जागच्या जागी बसणं, हे सगळं यात येतं. कमरेच्या बाबतीत अडचण एवढीच, की त्याच दिवशी कुठे नोंद झाली नसेल तर 'जुनंच दुखणं आहे' असं ठरवून मालक मोकळा होतो. म्हणून कळ आली त्याच दिवशी सुपरवायझरला मेसेज टाकावा आणि डॉक्टरांच्या कागदावर 'काम करताना वजन उचलल्याने' हे शब्द लिहून घ्यावेत.

पण चूक माझीच होती

तरीही भरपाई मिळते. सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. टेम्पोचं टायर फुटलं तर शेठ तो खर्च धंद्यात धरतो. ड्रायव्हरचं हाड मोडलं तर तोही धंद्याचाच खर्च, असं हा कायदा मानतो. गाडी घसरली, वळणावर अंदाज चुकला, घाईत सिग्नल दिसला नाही, अशा साध्या चुकीने हक्क जात नाही.

मालकाला नकार देता येतो तो मोजक्या कारणांसाठी: दारू किंवा नशेच्या अंमलाखाली असताना झालेला अपघात, सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश जाणूनबुजून मोडणं, सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकणं. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर ही कारणंही चालत नाहीत. आणखी एक मर्यादा आहे. इजेमुळे काम करता न येण्याचा काळ तीन दिवसांपेक्षा जास्त नसेल तर या कायद्याखाली भरपाई नाही.

कंपनी म्हणते, तू आमचा नाहीस, कंत्राटदाराचा आहेस

पार्सलच्या धंद्यात हे नेहमीचं. वरती मोठी कंपनी, तिच्याखाली व्हेंडर म्हणजे कंत्राटदार, व्हेंडरकडे आठ-दहा टेम्पो आणि टेम्पोवर ड्रायव्हर. पगार व्हेंडर देतो, तोही बऱ्याचदा रोखीत.

कंपनीने स्वतःच्या धंद्याचंच काम कंत्राटाने दिलं असेल, तर कामगार भरपाई थेट कंपनीकडे मागू शकतो. कंपनीने ती द्यायची आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायची. मात्र इथे एक खाच आहे, ती माहीत असलेली बरी. अपघात मूळ कंपनीच्या जागेत, किंवा ती जिथे काम करते अथवा जिथे तिचा ताबा आहे तिथे झालेला असावा, अशी अट आहे. हबच्या आवारात अपघात झाला तर प्रश्न येत नाही. रस्त्यावर झाला, तर कंपनीचे वकील नेमकं याच अटीवर बोट ठेवतात.

म्हणून अर्जात कंत्राटदार, मूळ कंपनी आणि गाडीची विमा कंपनी अशा तिघांनाही प्रतिवादी करावं. विमा कंपनी विसरू नका. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या थर्ड पार्टी पॉलिसीतच ड्रायव्हरच्या या कायद्याखालच्या भरपाईची जबाबदारी येते. व्हेंडरच्या खिशात दमडी नसली, तरी पैसे बहुतेक वेळा विमा कंपनीकडूनच येतात. म्हणून गाडीचा नंबर आणि पॉलिसीचा फोटो ड्रायव्हरने चालू नोकरीतच मोबाइलमध्ये ठेवावा. अपघातानंतर ती पॉलिसी मागायला गेलं की मिळत नाही.

कामावर होतो याचा पुरावा काय? नेमणूकपत्र नसतंच. रन शीट म्हणजे त्या दिवशी द्यायच्या पार्सलांची यादी, हबच्या गेटवरची नोंद, पार्सल दिल्याची स्कॅन वेळ, व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला रूट, यूपीआयवर जमा झालेले पैसे, ओळखपत्राचा फोटो. यातल्या चार गोष्टी एकत्र आल्या की नोकरीचं नातं सिद्ध करायला बरीच मदत होते.

रक्कम कशी ठरते?

तीन आकडे लागतात: महिन्याचा पगार, वय आणि अपंगत्वाची टक्केवारी.

पगार कितीही असला तरी हिशेबासाठी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जातात. ही मर्यादा जानेवारी २०२० पासून आहे आणि माझ्या मते ती आज फारच तोकडी आहे. पेट्रोलचे किंवा प्रवासाचे म्हणून दिलेले पैसे पगारात सहसा धरत नाहीत.

वयासाठी कायद्यात एक तक्ता आहे. प्रत्येक वयाला एक गुणक. २५ वर्षांना २१६.९१, ३२ ला २०३.८५, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. वय कमी तितका गुणक मोठा, कारण पुढची कमाईची वर्षं जास्त.

आता ३२ वर्षांचा ड्रायव्हर घेऊ, पगार १८,०००. हिशेबात धरायचे १५,०००.

मृत्यू झाला तर पगाराच्या ५० टक्के गुणिले गुणक: ७,५०० × २०३.८५ = १५,२८,८७५ रुपये.

कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के: ९,००० × २०३.८५ = १८,३४,६५० रुपये.

अपंगत्व अर्धवट पण कायमचं असेल, तर या १८,३४,६५० चा टक्केवारीने येणारा हिस्सा. अंगठा गेला तर तक्त्यात ३० टक्के, म्हणजे ५,५०,३९५. दुसरा डोळा चांगला असून एक गेला तर ४० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के.

उपचारांचा खर्च यातून कापायचा नसतो. दुखापतीवर प्रत्यक्ष झालेला वैद्यकीय खर्च वेगळा, बिलांप्रमाणे मिळतो. मालकाने दवाखान्यात भरलेले पैसे 'भरपाईत वळते केले' असं सांगितलं तर ते मान्य करू नये.

टक्केवारीवर सगळं अवलंबून आहे

सर्वात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून थोडं थांबू.

डॉक्टर जी टक्केवारी लिहितात ती बहुधा शरीराच्या अपंगत्वाची असते: पाय किती वाकतो, पकड किती राहिली. कायदा मोजतो ती कमावण्याची क्षमता किती घटली ते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रायव्हरचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तर तक्त्याप्रमाणे तो ५० टक्क्यांत बसू शकतो. त्याच माणसाला १८,३४,६५० ऐवजी ९,१७,३२५ मिळतील. पण क्लच कोण दाबणार? त्याचं ड्रायव्हिंग तर शंभर टक्के संपलं.

सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट भूमिका घेतलेली आहे. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराच्या खटल्यात १९७५ मध्येच न्यायालयाने म्हटलं, की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व. २००८ मध्ये टँकरच्या ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला होता. उच्च न्यायालयाने त्याचं नुकसान ६५ टक्के ठरवलं होतं; सर्वोच्च न्यायालयाने ते शंभर टक्के धरलं.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना फक्त 'अपंगत्व प्रमाणपत्र द्या' म्हणू नका. हा माणूस काय काम करत होता, ते काम आता करू शकतो का, हे त्यांना लिहायला सांगा: 'मालवाहू गाडी चालवू शकत नाही', 'अमुक किलोच्या वर वजन उचलू शकत नाही'. गरज पडली तर डॉक्टरांची साक्ष होते. कागद मोघम असेल तर उलटतपासणीत टिकत नाही.

बरं होईपर्यंत घर कसं चालायचं?

हाड जुळेल पण चार महिने लागतील, याला तात्पुरतं अपंगत्व म्हणतात. या काळात दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार मिळतो, जास्तीत जास्त पाच वर्षं. १५,००० च्या मर्यादेमुळे आपल्या ड्रायव्हरला महिन्याला ७,५०० रुपये.

ईएसआय लागू असेल तर चित्र बरंच बदलतं. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. साधारणपणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना तो लागतो. मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात. कामावर इजा झाली तर सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के मिळतात, म्हणजे १८,००० पगारावर महिन्याला सोळा हजारांच्या आसपास. शिवाय उपचार. कामावरच्या इजेसाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही.

ईएसआयमध्ये असाल तर मालकाकडून वेगळी कामगार भरपाई मागता येत नाही, निवड करता येत नाही. एक वाईट प्रकार मात्र सर्रास दिसतो. पगारातून ईएसआय कापलं जातं आणि भरलं जात नाही, किंवा नोंदणी अपघातानंतर घाईघाईने होते. पगाराच्या पावतीवर ईएसआय दिसत असेल तर आपला विमा क्रमांक आजच मागून घ्या आणि वर्गणी जमा होते का ते ईएसआयच्या संकेतस्थळावर बघा.

समोरच्या गाडीने उडवलं असेल तर?

मग दुसरा रस्ताही खुला होतो: मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. दोन्हीकडे दावा चालत नाही, एकच निवडायचा.

न्यायाधिकरणात समोरच्याची चूक दाखवावी लागते, पण १५,००० ची मर्यादा नसते. ३२ वर्षांचा, १८,००० कमावणारा माणूस गेला, मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. वर्षाचे २,१६,०००, त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा, आणि या वयाला १६ वर्षांचा गुणक. रक्कम ३६,२८,८०० वर जाते. कामगार भरपाईत हीच १५,२८,८७५ आहे.

मग सगळ्यांनी तिकडेच जावं का? नाही. स्वतःची गाडी घसरली असेल, धडक देणारा पळून गेला असेल, साक्षीदार नसतील, तर चूक सिद्ध करायच्या नादात दावाच बुडण्याची भीती. तिथे कामगार भरपाईच बरी. न्यायाधिकरणात अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा. त्यासाठी एफआयआर आणि पंचनामा लवकर हवा. गाडी पळून गेली असेल तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात.

रस्ते अपघातात पहिल्या सात दिवसांच्या उपचारांसाठी दीड लाखापर्यंत रोकडविरहित सोय मे २०२५ पासून आहे. ती ठरलेल्या रुग्णालयांतच मिळते, हे रुग्णाला हलवतानाच विचारावं.

लायसन्स, जाणं-येणं आणि सही

'तुझ्या लायसन्सवर ट्रान्सपोर्ट नाही, म्हणून विमा नाही.' ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या वाहनांबाबत हा बचाव आता चालत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं, की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला त्या वजनापर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो. छोटा हत्ती यात आरामात बसतो. लायसन्सची मुदत संपली असेल तर मात्र भांडण अवघड होतं.

'अपघात घरून हबवर येताना झाला, तेव्हा तू कामावर नव्हतास.' संहितेत आता स्पष्ट आहे: कामावर जाता-येतानाचा अपघातही कामाचाच, मात्र वेळ, जागा आणि कामाशी संबंध दाखवता यायला हवा. जुन्या कायद्याखालीही हेच धरलं जाईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ ला दिला. खटला आपल्याकडचाच, उस्मानाबादचा, म्हणजे आताच्या धाराशिवचा. साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला निघाला होता आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर त्याचा अपघाती मृत्यू झाला. त्याच्या घरच्यांना निकालासाठी २२ वर्षं थांबावं लागलं.

'पन्नास हजार घे आणि इथे सही कर.' कामगाराला हक्क सोडायला लावणारा करार कायद्याने निरर्थक आहे. तडजोड करायचीच तर ती भरपाईचे दावे चालवणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने भरपाई परस्पर घरच्यांच्या हातात देणंही चालत नाही. ती प्राधिकाऱ्याकडेच जमा करायची.

ॲपवरच्या 'पार्टनर'चं काय?

इथे खरं सांगायला हवं. संहितेने गिग कामगाराची व्याख्याच 'पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारा' अशी केली आहे. वर सांगितलेली मालकाकडची भरपाई त्याला आपोआप मिळत नाही. त्याच्यासाठी नववं प्रकरण आहे: सरकार अपघात विमा, आरोग्य, म्हातारपण यांच्या योजना आखणार, आणि ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यायचे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या जास्तीत जास्त ५ टक्क्यांपर्यंत. हक्काची भरपाई आणि योजनेतला लाभ यांत मोठा फरक आहे. योजना बदलते, तिच्यात अटी येतात.

'पार्टनर' हा शब्द मात्र न्यायालयात शेवटचा नसतो. वेळ कोण ठरवतं, नकार दिला तर दंड बसतो का, दुसरीकडे काम करायची मुभा आहे का, अशा नियंत्रणाच्या खुणा बघितल्या जातात. ठरलेल्या रूटवर, ठरलेल्या पाळीत, महिन्याच्या ठरावीक रकमेवर पार्सल वाटणाऱ्याने 'मी पार्टनर आहे' म्हणून दावा सोडून देऊ नये.

बाकीच्यांनी आज करण्यासारख्या गोष्टी आहेत. असंघटित कामगारांसाठीच्या सरकारी ई-श्रम पोर्टलवर नोंदणी. कंपनीच्या गट अपघात विम्याचं पत्रक उतरवून घेणं. त्यात 'ऑर्डर चालू असतानाच' अशी अट असते का, आणि किती तासांत कळवायचं, हे वाचणं. अपघात झाल्यावर ॲपचा स्क्रीनशॉट लगेच काढणं, कारण आयडी बंद झाला की पुरावा दिसेनासा होतो. दुचाकी स्वतःच्या नावावर असेल तर मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतलेला आहे का हे पॉलिसीवर तपासणं. स्वतःच घसरून पडलेल्या मालकाला थर्ड पार्टी विम्यातून काही मिळत नाही. आणि बँकेतून वर्षाला २० रुपयांत मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा: अपघाती मृत्यू आणि पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला १ लाख.

अपघातानंतर काय करायचं, आणि कधीपर्यंत?

दवाखान्यात पहिल्यांदा जे लिहिलं जातं ते वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. घाबरलेला भाऊ 'घरी पडला' म्हणून सांगतो, किंवा सुपरवायझरच तसं सांगायला लावतो, आणि केस पेपरवर ते कायमचं बसतं. 'पार्सल देताना, अमुक ठिकाणी, अमुक वाजता' हेच लिहून घ्या आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद करायला सांगा. मग पोलिसांत खबर. दोन-तीन दिवसांत मालकाला लेखी सूचना: नाव, पत्ता, तारीख, वेळ, इजा कशी झाली. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, हेच व्हॉट्सॲपवरही टाका. औषधाचं प्रत्येक मूळ बिल आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत. वयाचा दाखला लागतोच.

भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. व्याज विमा कंपनी भरू शकते. दंड मालकालाच भरावा लागतो.

दावा दोन वर्षांच्या आत करायचा. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवावं लागतं. आजवर महाराष्ट्रात हे दावे कामगार न्यायालयात आणि काही ठिकाणी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालत आले आहेत. संहितेत दावे चालवणाऱ्या या पदाला सक्षम प्राधिकारी म्हटलं आहे. अपघात मुंबईत झाला आणि माणूस जखमी होऊन बीडला गावी परतला असेल, तर दावा बीडमध्येही करता येतो. तारखांसाठी कुबड्या घेऊन मुंबईला खेटे घालायची गरज नाही.

वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. निकाल बाजूने लागल्यावर मालक 'अपिलात जातो' म्हणून घाबरवतो. पण त्याला अपील दाखल करतानाच ठरलेली रक्कम जमा करावी लागते, आणि अपीलही फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर चालतं. ती रक्कम किंवा तिचा काही भाग आधी काढून घ्यायची परवानगी उच्च न्यायालयाकडे मागता येते. आपल्या वकिलाला तो अर्ज पहिल्याच तारखेला द्यायला सांगा.